पाण्यालगतची खिडकी

माझं स्वयंपाकघर बोटीच्या पोटात.
वर गाद्या, गाणी, कप्तान हायरीचं मोडकं जर्मन;
खाली मी, दोन शेगड्या
आणि ताटाएवढी एक गोल खिडकी,
पाण्याच्या वर जेमतेम वीतभर.

आयवालिकच्या धक्क्यावर चढतानाच
चपला काढून टोपलीत टाकायच्या, हा नियम.
लाकूड जपायचं असतं.
चोवीस माणसं, अठ्ठेचाळीस चपला.
नंतर कुणाचं तोंड मला दिसत नाही
जेवण वाढेपर्यंत.
वाढतो ओर्चुन, माझ्या बहिणीचा मुलगा,
म्हणजे तेव्हाही नाही.

दिसतात ते पाय.
शिडी सोडतात ती नेमकी माझ्या खिडकीसमोर.

पहिला थांबा.
नांगराची साखळी सुटते, तिचा आवाज माझ्या दातांत शिरतो.
मग वरून धपाधप. उड्या मारणारे
खिडकीपुढून जातात नुसता फेस होऊन.
शिडीने येतात त्यांची ओळख होते.
हा साहेब: मोज्यांचा वळ अजून पोटरीवर.
ही नवी नवरी: नखं रंगवलेली, करंगळ्या विसरली.
हा पोरगा: याचे पाय झोपेतही पळत असणार.

आणि एक बाई, साठीच्या पुढची.
टाचा भेगाळलेल्या,
डाव्या घोट्यावर शिवण,
उसवलेल्या उशीला घाईत घालावी तशी.
दुसऱ्या पायरीवर थांबली.
बोटांनी पायरी धरून ठेवली.
एक लाट आली, पाऊल भिजवून गेली.
पाय वर गेले.

मी वांगी परतली.

दुसरा थांबा बेटाच्या सावलीत, तिथं पाणी गार.
या वेळी चौथी पायरी. गुडघे बुडाले.
वरून कुणीतरी म्हणालं, उतरा हो, काही होत नाही.
काही होत नाही म्हणणाऱ्यांचे पाय
मी एकवीस वर्षं बघतेय.
कोरडे असतात.

(मलाही पोहता येत नाही.
हायरीला हे ठाऊक नाही.
त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही,
पगार त्याचा नाही, भांड्यांचा मिळतो.)

तिसऱ्या थांब्याला तेल तापलेलं होतं,
बोटाएवढी मासळी पिठात लोळवून तयार,
आणि पाण्यावर तो मधासारखा उजेड
ज्याचे हायरी वेगळे पैसे लावतो.
पाय आले. दुसरी पायरी, चौथी, थांबले नाहीत.
शेवटच्या पायरीवर एक पाऊल सुटलं.
दुसरं राहिलं.
किती वेळ राहिलं ते कढईला विचारा.

मग शिडी रिकामी.

मी झारा हातात धरून खिडकीला नाक लावलं.
खाली हिरव्या पाण्यात दोन फिकट पाय
कशावरच टेकलेले नाहीत,
घाबरे, आडवेतिडवे,
नुकतं काहीतरी सांगायला शिकलेल्या मुलासारखे
भरभर, चुकत.

मागे धूर झाला.

करपलेली मासळी मी ताटांच्या तळाशी घातली,
वर बरी, त्यावर लिंबू.
राकीत पाणी पडलं, ती दुधासारखी झाली असेल.
समोर मिदिल्ली, दुसऱ्या देशाचा डोंगर, जांभळा झाला असेल.
माझी खिडकी पूर्वेची.
पण सगळे उठून एका कडेला जातात,
बोट किंचित कलते,
पातेली डावीकडे सरकतात.
सूर्य बुडाला हे मला पातेली सांगतात.

रात्री धक्क्यावर टोपलीशी मी उभी.
लोक वाकून शोधत होते, हे माझे, नव्हे तुझे.
ओल्या केसांची एक बाई आली,
तिचं तोंड मी पहिल्यांदा पाहिलं,
रुंद, साधं, कुठल्याही बाजारात दिसेल असं.
ती वाकायच्या आत मी तपकिरी सँडल पुढं केल्या.

कसं ओळखलंत?

मापावरून, म्हटलं.

तिनं घोट्याचा पट्टा लावला, उभी राहिली,
जरा घुटमळली.
मासे छान होते, म्हणाली.
थोडे करपले होते, नाही?

हो, म्हटलं. आच लागली जरा.